प्लॅजिओक्लेज बुडतं की तरंगतं? प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट

११ जून

विषय एकदाचा पक्का झाला. थरांचे अग्निज खडक. गाळाच्या खडकांसारखेच पट्टे, पण इथे नदी नाही, समुद्र नाही, वाळू नाही. जमिनीखाली काही किलोमीटरवर अडकलेला बेसाल्टी शिलारस हजारो वर्षं हळूहळू गार होत जातो आणि ते होता होता त्याच्या पोटातच थर पडतात.

हे डोक्यात बसलं ते गेल्या डिसेंबरच्या टूरपासून. तामिळनाडूत सित्तमपुंडीला गेलो होतो, तिथून मुठीएवढा तुकडा आणलाय तो टेबलवर असतो. पांढरा खडक, त्यात बोटभर जाडीचा काळा पट्टा. पांढरं म्हणजे ॲनॉर्थोसाइट, जवळजवळ सगळं कॅल्शियमवालं प्लॅजिओक्लेज (फेल्डस्पार गटातलं हलकं, फिकट खनिज), आणि काळा पट्टा क्रोमाइटचा, म्हणजे क्रोमियमच्या जड खनिजाचा. पुढे अब्जावधी वर्षांत खडक भाजला गेला, दाबला गेला, त्यामुळे मूळ स्फटिकांचे आकार बरेच मोडलेत, पण भिंग लावून बघितलं तर पट्ट्याची एक कड अजून सुरीने कापल्यासारखी सरळ आहे आणि दुसरीकडे काळे दाणे हळूहळू विरळ होत पांढऱ्यात मिसळतात. टूरवर मी सहज म्हणाले होते की जड क्रोमाइट खाली बसलं आणि हलकं वर राहिलं, सोपं आहे. आमच्या भूगर्भशास्त्राच्या मॅडम एवढंच म्हणाल्या, "मग हलकं प्लॅजिओक्लेज तळाशी थर करून का बसलं?" तेव्हा उत्तर नव्हतं. आजपण नाही. म्हणून हा प्रकल्प.

१४ जून

वाचन चालू आहे. सगळे रस्ते ग्रीनलँडला जातात. पूर्व ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर स्केअरगार्ड नावाचं इंट्रूजन (जमिनीखाली घुसून तिथेच गोठलेला शिलारस) आहे, पृष्ठभागावर साधारण ११ बाय ८ किलोमीटर, वय जवळपास ५.६ कोटी वर्षं. १९३० मध्ये लॉरेन्स वेजर ब्रिटिश मोहिमेबरोबर क्वेस्ट जहाजावरून तिथे गेला आणि फ्योर्डच्या कडेच्या डोंगरात त्याला हे पट्टे दिसले. १९३५-३६ मध्ये विल्यम डीअर आणि बाकीच्यांना घेऊन तो परत गेला, अख्खा हिवाळा तिथे काढला, नकाशा केला, आणि १९३९ मध्ये दोघांचा मोठा अहवाल आला. मधल्या काळात १९३३ ला हाच माणूस एव्हरेस्टवर बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय साडेआठ हजार मीटरच्या वर जाऊन आला होता. मला हे वाचून फार भारी वाटलं, कारण स्केअरगार्डचे कडे चढून एकेका थराचा नमुना घेणं हे तसल्याच माणसाचं काम आहे.

स्केअरगार्डची मजा अशी की शिलारस बहुतेक एकदाच आत आला, नंतर नवीन भर जवळपास पडली नाही. म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. तळापासून वर चढत गेला थर (लेअर्ड सिरीज), छतापासून खाली उतरत आला थर (अपर बॉर्डर सिरीज), भिंतींवरून आत सरकला थर (मार्जिनल बॉर्डर सिरीज), आणि तळाचा आणि छताचा थर जिथे भेटले त्याला नाव सँडविच होरायझन. शेवटचा उरलेला रस तिथे गोठला.

आणि वर चढत गेलं की खनिजं क्रमाने बदलतात. खाली ऑलिव्हिन आणि प्लॅजिओक्लेज, मग ऑजाइट (एक पायरोक्सिन) येतं, मग मॅग्नेटाइट-इल्मेनाइट ही लोखंडाची खनिजं, मधल्या झोनमध्ये ऑलिव्हिन गायब, वरच्या झोनमध्ये ते परत येतं पण आता लोखंडाने भरलेलं, मग ॲपेटाइट. प्लॅजिओक्लेजही खालून वर कॅल्शियम सोडत सोडियमकडे सरकतं. रसातून जे स्फटिक बाहेर पडले ते रसाला स्वतःपेक्षा वेगळा करून गेले, आणि त्या वेगळ्या रसातून पुढचे स्फटिक आले. हे नॉर्मन बोवेनने १९१५ च्या सुमारास प्रयोगशाळेत वितळवून दाखवलं होतंच, स्केअरगार्डने ते डोंगराएवढं दाखवलं.

१८ जून

आज स्प्रेडशीट. स्टोक्सचा नियम, म्हणजे द्रवात गोळा किती वेगाने बुडतो किंवा तरंगतो: वेग म्हणजे घनतेतला फरक गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले चिकटपणा, बाकी आकडे स्थिर. बेसाल्टी रसाचा चिकटपणा ५० पास्कल-सेकंद धरला (तो १० ते १०० च्या घरात असतो), रसाची घनता २.७ (सगळ्या घनता ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर).

ऑलिव्हिन, घनता ३.५, त्रिज्या १ मिमी: दिवसाला साधारण ३ मीटर खाली. ३-४ किलोमीटरचं चेंबर (शिलारस साठलेली जागा) तीनचार वर्षांत पार. चेंबर गोठायला हजारो-लाखो वर्षं लागतात त्यामुळे तीनचार वर्षं म्हणजे काहीच नाही, ऑलिव्हिनला वेळच वेळ आहे. इथपर्यंत सगळं पुस्तकासारखं.

प्लॅजिओक्लेज: तेवढ्या तापमानाला घनता २.६५ ते २.७ च्या आसपास. फरक जवळपास शून्य. आणि स्केअरगार्डच्या रसात मॅग्नेटाइट येईपर्यंत लोखंड वाढतच गेलं, म्हणजे रस अजून जड, म्हणजे प्लॅजिओक्लेजचा आकडा उणे. वर जायला पाहिजे! आणि प्रत्यक्षात तळाच्या थरांत निम्म्याहून जास्त तेच भरलंय.

रात्री परत दोनदा आकडे तपासले. चूक नाही. १९७९ मध्ये मॅकबर्नी आणि नॉयस यांनी हाच मुद्दा धरून म्हटलं होतं की स्फटिक वरून पडून तळाशी बसले ही गोष्ट जुळत नाही, ते तळावर आणि भिंतींवर जागच्या जागीच वाढले असणार. त्याआधी १९६० मध्ये वेजर, ब्राउन आणि वॉड्सवर्थ यांनी 'क्युम्युलेट' हा शब्द आणला होता, साठून झालेला खडक या अर्थाने, आणि साठून म्हटलं की डोळ्यासमोर पडणं येतंच. शब्द राहिला, अर्थावर भांडण चालूय.

२३ जून

टाकी आली. मासे ठेवायच्या दुकानातून मापाने करून घेतली: ६० सेमी लांब, ८ सेमी रुंद, ४० सेमी उंच. अरुंद घेतली म्हणजे कडेने बघताना आतलं काप दिसल्यासारखं दिसतं. रस म्हणून ग्लिसरिन, पंधरा लिटर. ऑलिव्हिनच्या जागी १ मिमीचे काळे काचेचे मणी (घनता २.५), प्लॅजिओक्लेजच्या जागी २ मिमीचे पांढरे ॲक्रेलिकचे मणी (१.१८). ग्लिसरिन १.२६ चं आहे त्यामुळे पांढरा मणी त्यात तरंगणारच, मला तेच हवंय.

ओतताना एवढे बुडबुडे झाले की टाकी दुधासारखी पांढरी. लॅबचे मामा म्हणाले हात लावू नका, दोन दिवस ठेवा, आपोआप वर येतील. ठेवली.

२६ जून

पहिली फेरी. काचेच्या मण्यांना ३० सेमी उतरायला सव्वासहा ते सात मिनिटं, हिशोबाला धरून आलं. पांढरे तळाशी नळीने सोडले, वर यायला जवळपास अर्धा तास. मोठे असून एवढे हळू, कारण घनतेतला फरक जेमतेम. मुठीमुठीने मिसळून वरून टाकले तर काळे खाली, पांढरे वर, मध्ये मोकळं ग्लिसरिन. दहा मिनिटांत स्वच्छ वाटणी. निसर्गात असं कुठेच दिसत नाही, निदान पृथ्वीवर.

चंद्रावर दिसतं. १९६९ ला अपोलो ११ ने आणलेल्या मातीत ॲनॉर्थोसाइटचे पांढरे बारीक तुकडे निघाले आणि त्यावरून पुढच्याच वर्षी मांडलं गेलं की सुरुवातीला चंद्रावर शिलारसाचा समुद्र होता आणि प्लॅजिओक्लेज तरंगून त्याची साय झाली, तोच आज आपल्याला दिसणारा उजळ भाग. आमचा सित्तमपुंडीचा खडक चंद्राच्या त्या मातीच्या इतका जवळचा की इस्रोने चांद्रयान २ च्या चाचण्यांसाठी नकली चंद्रमाती त्याच भागातल्या ॲनॉर्थोसाइटपासून केली. सायीची गोष्ट चंद्राला लागू पडते. टेबलवरच्या तुकड्याला पडत नाही, त्यात क्रोमाइटही आहे.

६ जुलै

आठवडाभर आकडे बिघडलेत. तेच मणी, तेच ग्लिसरिन, आणि आज काळे मणी साडेचार मिनिटांत तळाला. प्रकल्पातल्या पार्टनरला वाटलं स्टॉपवॉच चुकलं. मग वाटलं तापमान, पण थर्मामीटर २६ च दाखवतोय.

दुपारी लक्षात आलं. ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढून घेतं. बाहेर संततधार, लॅबच्या भिंतींना ओल, टाकीवर झाकण नाही, आम्ही रोज ढवळतोय, शिवाय धुतलेले मणी पावसाळी हवेत नीट वाळलेच नव्हते, तसेच टाकीत गेले. हायड्रोमीटरवर फरक जेमतेम दिसतो, १.२६ चा १.२५५, पण दोन टक्के पाण्याने चिकटपणा तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. बसून दोनदा हिशोब केला, जुळला.

हे नुकसान म्हणून लिहीत नाहीये, यातून मला खऱ्या रसाबद्दल कळलं. शिलारसातही पाणी असतं आणि थोडंसंच असलं तरी तो पातळ होतो, घनता उतरते, आणि प्लॅजिओक्लेज उशिरा गोठायला लागतं. म्हणजे ओल्या रसात प्लॅजिओक्लेज बुडण्याची शक्यता कोरड्यापेक्षा जास्त. "तरंगतं की बुडतं" याला एक उत्तर नाहीच, कुठल्या रसात आणि कुठल्या टप्प्यावर ते आधी सांगावं लागतं.

टाकीवर काच ठेवून कडेला टेप मारला. मणी आता ओव्हनमध्ये वाळवायचे.

१० जुलै

पाऊस थोडा उघडला म्हणून मंचरला जाऊन आलो. पुणे-नाशिक रस्त्याने दीडदोन तास. बघायचं होतं ते जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्ट, जीपीबी म्हणतात त्याला, आणि यातल्या एका प्रवाहाला मंचरचंच नाव आहे. आपला नेहमीचा दख्खनचा काळा पाषाण, आणि त्यात बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या-पिवळट पट्ट्या रोवल्यासारख्या. पावसाने खडक ओला होता त्यामुळे त्या अजूनच उठून दिसत होत्या. एका दगडावर स्केल धरून मोजलं, सगळ्यात लांब स्फटिक ३ सेंटीमीटरच्या वर. काही ठिकाणी सगळ्या पट्ट्या एकाच दिशेला आडव्या, लाव्हा वाहताना वळवल्यासारख्या, आणि हातभर अंतरावर चहूकडे तोंड करून, दोनतीन एकमेकांत घुसलेले.

एवढा स्फटिक लाव्हा बाहेर आल्यावर वाढू शकत नाही, तेवढा वेळच नसतो. तो जमिनीखाली कुठल्यातरी उथळ चेंबरमध्ये वाढला, लोखंड जास्त असलेल्या जड रसात वरच्या बाजूला जमला आणि मग उद्रेकाबरोबर बाहेर आला. सह्याद्रीत हे प्रवाह बऱ्याचदा एकेका फॉर्मेशनच्या (लाव्हाप्रवाहांच्या एका गटाच्या) शेवटाला सापडतात, म्हणजे चेंबरमधला रस जुना होऊन बदललेला असताना. दख्खनच्या खाली काय शिजत होतं ते आपल्याला थेट दिसत नाही, पण मंचरचा हा दगड म्हणजे त्या पातेल्यातला वरचा डाव आहे.

घरी आल्यावर आई म्हणाली हे तर आपल्या गावच्या विहिरीच्या दगडात पण आहे, आम्ही त्याला तांदळाचा दगड म्हणायचो. पुढच्या सुट्टीत गावी जाऊन बघणार.

१७ जुलै

आजचा दिवस महत्त्वाचा. दोन आठवडे मणी सुटे सुटे टाकत होतो. मॅडमनी सुचवलं की स्फटिक असे एकेकटे पडत नसतील, छताजवळ आणि भिंतीजवळ रस गार होतो, त्यात स्फटिक दाट होतात आणि तो सगळा जड लगदा मिळून खाली सरकतो. समुद्रतळाच्या उतारावरून गढूळ पाण्याचा लोंढा येतो तसा. स्केअरगार्डच्या थरांमध्ये त्याच्या खुणा दिसतात, काही थर तळाला गडद आणि वर जाता जाता फिकट, काही ठिकाणी नाल्यासारखे खोलगट पट्टे एकावर एक.

मग जगमध्ये अर्धा लिटर ग्लिसरिन घेतलं, त्यात काळे-पांढरे मणी समसमान, एकूण चाळीस टक्के भरतील एवढे. त्या लगद्याची घनता हिशोबाने १.४९ येते, म्हणजे पांढरे मणी धरूनही तो भोवतालच्या ग्लिसरिनपेक्षा जड. टाकीत तिरकी काच लावून वरच्या कोपऱ्यात ओतला.

आणि पांढरे मणी खाली गेले! जे मणी एकटे सोडले की अर्धा तास वर चढतात तेच मणी लोंढ्याबरोबर काचेवरून घसरत तळापर्यंत गेले आणि टाकीभर पसरले. पुढच्या दोनतीन मिनिटांत काळे त्यांच्यामधून खाली बसत गेले, वरच्या बाजूचे पांढरे सुटून वर निघाले, पण खालचे अडकले, अंगावर काळे बसल्यावर त्यांना हलता येईना. थर स्थिरावला तेव्हा तळाला दाट काळा, वर काळ्यात पांढरे ठिपके, आणि सगळ्यात वर पांढऱ्यांची पातळ रांग. मी आणि पार्टनर जमिनीवर बसून काचेला नाक लावून बघत होतो, कितीतरी वेळ कोणी बोललं नाही.

तीनदा केलं. प्रत्येक वेळी थर उपसून धुतला आणि रव्याच्या चाळणीने मणी वेगळे केले (१ मिमीचे खाली, २ मिमीचे वर, काम सोपं). टाकलेल्या पांढऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश तळाच्या थरात अडकलेले सापडले.

२१ जुलै

क्रोमाइटचा पट्टा अजून सुटलेला नाही. यासाठी दक्षिण आफ्रिकेचं बुशवेल्ड बघावंच लागतं, २०५ कोटी वर्षांपूर्वीचं, साधारण ६५ हजार चौरस किलोमीटर, सातआठ किलोमीटर जाड. जगातलं बरंचसं प्लॅटिनम आणि क्रोमियम तिथूनच. १९२४ मध्ये हान्स मेरेन्स्कीने शोधलेला प्लॅटिनमचा थर त्याच्याच नावाने ओळखला जातो. तिथे ड्वार्स नदीच्या पात्रात काळा क्रोमाइट आणि पांढरा ॲनॉर्थोसाइट यांचे पट्टे आहेत, फोटोत बघितले की वाटतं कोणीतरी रंगवलेत, आमच्या सित्तमपुंडीच्या तुकड्याचा मोठा भाऊ.

स्प्रेडशीटमध्ये क्रोमाइट टाकलं. घनता ४.५, पण दाणे बारीक, त्रिज्या ०.१ मिमी धरली. दिवसाला जेमतेम ७ सेंटीमीटर! ऑलिव्हिन ३ मीटर जातं तिथे हे ७ सेंटीमीटर, कारण त्रिज्या वर्गात येते आणि घनता नुसतीच येते. म्हणजे "जड म्हणून आधी खाली बसलं" हे माझं टूरवरचं वाक्य पूर्ण चुकीचं होतं.

दुसरी अडचण प्रमाणाची. साध्या रसातून ऑलिव्हिनबरोबर क्रोमाइट येतं ते शंभराला एकदोन इतकंच. मग नुसत्या क्रोमाइटचा मीटरभर थर कसा? नील आयर्विन यांनी १९७० च्या दशकात सुचवलं की जुन्या, बदललेल्या रसात ताजा रस घुसला आणि दोन्ही मिसळले की मिश्रण अशा जागी जाऊन पडतं जिथे काही काळ फक्त क्रोमाइटच गोठू शकतं. फेज डायग्रामवरची (कुठल्या रसातून कुठलं खनिज गोठतं ते दाखवणाऱ्या आकृतीवरची) रेघ वाकडी असते, त्या वाकडेपणातून हे निघतं. वहीवर तीन वेळा काढलं तेव्हा समजलं. काही जण म्हणतात चेंबरमधला दाब बदलला तरी असंच होतं. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे की थर पडायला बाहेरून काहीतरी घडावं लागतं. मला आयर्विनचं जास्त पटतं, कारण बुशवेल्डमध्ये नवा रस परत परत आल्याच्या दुसऱ्याही खुणा आहेत.

आपल्याकडे पण क्रोमाइट आहे, कणकवलीकडे आणि भंडाऱ्यात पवनीजवळ. नमुने मिळवायचे आहेत, या प्रकल्पात जमेल असं दिसत नाही.

२५ जुलै

मण्यांच्या टाकीत एक गोष्ट कधीच दिसणार नाही, स्फटिकाचं वाढणं. म्हणून दुसरी छोटी टाकी, त्यात तुरटी. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी, आणि टाकीच्या खाली बर्फाचा ट्रे. तळ गार, वरचं गरम.

तासाभरात तळावर चमकणारे ठिपके, मग बारीक आठ बाजूंचे स्फटिक, तळालाच चिकटून, तिथेच वाढत. एका बाजूने टॉर्च मारला आणि पलीकडे कागद धरला तर त्यावर स्फटिकांवरून वर जाणाऱ्या धुरासारख्या बारीक सावल्या दिसल्या. स्फटिकाने आजूबाजूच्या पाण्यातली तुरटी ओढून घेतली की ते पाणी हलकं होऊन वर निघतं. शिलारसातही तसंच, ऑलिव्हिन, पायरोक्सिन वाढले की त्यांच्याभोवतीचा रस बदलतो, हलका झाला तर वर पळतो, जड झाला तर तळावरच साचून राहतो. हपर्ट, टर्नर आणि स्पार्क्स यांनी १९८० च्या दशकात खारट द्रावणांच्या टाक्यांमध्ये हेच बघितलं होतं, मी फक्त घरगुती सामानात बघितलं.

पण एक नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. पाण्याच्या पृष्ठभागावरही हवेने गार होऊन बारीक पापुद्रे झाले आणि मोठे झाल्यावर ते सुटून खाली पडले. सकाळी तळाच्या थरात दोन्ही होते, जागेवर वाढलेले आणि वरून पडलेले. पडलेले कुठले ते त्यांच्या तिरक्या बसण्यावरून कळत होतं, पण त्यांच्यावर नवी तुरटी चढल्यावर संध्याकाळपर्यंत ओळखेनासे झाले. स्केअरगार्डच्या खडकाची स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा पातळ काप) घेऊन "हा पडला, हा इथेच वाढला" असं सांगणं किती अवघड असेल ते आज समजलं. एक दिवस पुरला खूण पुसायला.

२९ जुलै

मॅडमबरोबर दीड तास. त्यांनी विचारलं की तुझ्या टाकीत मोठं, द्रवाने भरलेलं चेंबर तू गृहीतच धरलंस, ते खरंच होतं का? यावर सध्या दोन गट आहेत. एक म्हणतो बुशवेल्डसारख्या ठिकाणी भरलेलं चेंबर कधी नव्हतंच, मुख्यतः स्फटिकांचा लगदा होता आणि त्यात पातळ सिल (रसाचे आडवे पत्रे) घुसत गेले. जेम्स मंगल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये झिरकॉन या खनिजाची वयं मोजून दाखवलं की वरचा थर नेहमीच नंतरचा नसतो. दुसऱ्या बाजूने रईस लॅटिपोव्ह ठामपणे मोठ्या चेंबरच्या बाजूने आहेत.

स्केअरगार्डबद्दल मात्र मला शंका वाटत नाही. तिथे छतापासून सुटलेले मोठे खडक तळावर पडलेत, त्यांच्या खालचे थर दबून वाकलेत आणि वरचे थर त्यांच्यावर पांघरूण घातल्यासारखे गेलेत. पडायला मोकळी जागा हवी, आणि खाली मऊ तळ हवा. एवढा एक फोटो मला पुरतो.

२ ऑगस्ट

शेवटची फेरी. मॅडमचं म्हणणं होतं की लोंढ्यामध्ये एकदा पांढऱ्यांचं प्रमाण वाढवून बघ. तीनास एक केलं. लगदा उतरला, पण घनता आता १.३६ च्या आसपास असल्याने रेंगाळत उतरला, अर्ध्या काचेवरच पांढरे सुटायला लागले, तळाशी पोचला तो जेमतेम अर्धा सेंटीमीटरचा काळसर थर. चाळून मोजलं, अडकलेले पांढरे आधीच्या निम्म्याहून कमी. म्हणजे प्लॅजिओक्लेजला तळाशी न्यायला जड सोबती पुरेसे लागतात, आणि स्केअरगार्डचं निम्म्याहून जास्त प्लॅजिओक्लेज नुसत्या लोंढ्यांनी तळाला नेलं असं मला या टाकीवरून म्हणता येत नाही. उरलेलं तिथेच वाढलेलं असणार, तुरटीसारखं. अहवालात दोन्ही लिहितेय, लोंढ्याच्या तीन फेऱ्यांचं टेबल आणि आजचं वेगळं.

ग्लिसरिन मलमलच्या कापडातून गाळून कॅनमध्ये परत भरलं, झाकण घट्ट. टाकी मामांनी पुढच्या बॅचसाठी मागून घेतली. सित्तमपुंडीचा तुकडा उद्या स्लाइड कापायला देणार, काळ्या पट्ट्याला आडवा छेद, सरळ कड आणि विरळ कड दोन्ही एकाच स्लाइडमध्ये येतील असा.